फ्रॅपेची उभारणी : उबुंटू, मॅक आणि विंडोज

शिरूर अथवा दौंड तालुक्यातील एखाद्या शिक्षकाने वा ग्रामपंचायतीने नोंदींची स्वतःची संगणकीय प्रणाली रचावयाचे ठरविल्यास, मुंबईत विकसित झालेली 'फ्रॅपे' ही मुक्त चौकट विनामूल्य उपलब्ध आहे. अडचण येते ती उभारणीत, आणि पुष्कळांचा उत्साह तेथेच मावळतो.

उबुंटूवर पायथॉन, नोड, रेडिस व मारियाडीबी बसवून मग 'बेंच' हे साधन घ्यावे. मॅकवर हेच घटक 'होमब्रू'मार्फत येतात. विंडोजवर मात्र फ्रॅपे थेट चालत नाही. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल ही लिनक्सची उपप्रणाली सुरू करून तीत उबुंटू घ्यावे लागते. हा दुहेरी भार जुन्या यंत्राला क्वचितच पेलतो. शिवाय विंडोज १० चे नियमित पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. अशा यंत्रावर सरळ उबुंटूच बसविणे अधिक शहाणपणाचे. पण त्यातील दाखले व पत्रव्यवहार यांची प्रत आधी अन्यत्र काढावी, कारण जुनी तबकडी या कामी पुसली जाते.

मारियाडीबीचा अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' हाच ठेवावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. अक्षरसंच चुकल्यास खातेदाराच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि मूळ नाव मागाहून परत मिळत नाही. म्हणून पहिला सराव घरपट्टीच्या खऱ्या नोंदींवर न करता काल्पनिक नावांवरच करावा.