पंप हवा का ओढतो?

सभासद बंधूंनो, विहिरीत पाणी आहे, वीज आहे, तरी पंप पाणी सोडतो, ही तक्रार उन्हाळ्यात आम्ही गटागटांतून ऐकतो. ऊस ताणावर गेला की टनेज घटते. पण लगेच मोटार खोलू नका.

पंप चालू असता सक्शन पाइपात हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून तिथली फट पाणी बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. ती सहज दिसत नाही.

तपासणी अशी करावी :

१) मेन स्विच बंद करून पंप व पाइप पाण्याने भरा. पातळी उतरली आणि सांध्याला थेंब दिसला, तर सांधा गळतो. बाहेर सगळे कोरडे, तर फूटव्हॉल्व्ह पाहा. कचरा काढा, वायसर बदला.

२) पंप चालवून सांध्यांवर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला जाईल तिथले पॅकिंग बदला.

३) दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे.

सर्व ठीक असूनही पाणी येत नसेल, तर उंची मोजा. पाण्यापासून पंप ६-७ मीटरहून वर नसावा. पंप कोरडा मात्र चालवू नये.