ताऱ्यात काय आहे आणि तो किती वेगाने फिरतो, हे कसं कळतं?

शिक्षक मित्रांनो, तारे शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : ताऱ्यावर कोणी गेलंच नाही, मग त्यात काय आहे हे कळलं कसं? उत्तर एका शब्दात : प्रकाशावरून.

ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. जागेवरून मूलद्रव्य ओळखायचं आणि तापमान लक्षात घेऊन, रेषा किती ठळक आहे त्यावरून त्याचं प्रमाण काढायचं.

त्याच रेषेची रुंदी फिरण्याचा वेग सांगते. तारा फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. येणाऱ्या कडेचा प्रकाश निळ्या बाजूला सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्या बाजूला. म्हणून रेषा पसरट होते. सूर्याचा विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर आहे. सूर्याच्या सुमारे २५ पट वस्तुमानाचा व्हीएफटीएस १०२ हा तारा मात्र सुमारे ६०० किलोमीटर वेगाने फिरतो! तो मोठा मॅजेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेत आहे.

वेगाचा आणि घटकांचा संबंध काय?

जड ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन उत्प्रेरकासारखं काम करतात. या साखळीतली नायट्रोजनची पायरी सर्वांत संथ असते. टोलनाक्यावर गाड्या तुंबतात तसा तिथे नायट्रोजन साठतो. तारा वेगाने फिरत असेल तर आतला माल घुसळून वर येतो. म्हणजे वेग जास्त, तर पृष्ठभागावर नायट्रोजन जास्त, असा सिद्धांत.

चिलीमधल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने याच दीर्घिकेतले शंभरावर जड, तरुण तारे तपासले. २००८ मध्ये निष्कर्ष आले. काही तारे सिद्धांताप्रमाणे वागत होते. पण काही संथ ताऱ्यांवर नायट्रोजन भरपूर होता आणि काही वेगवान ताऱ्यांवर अगदी कमी!

इथे एक खबरदारी हवी. ताऱ्याचा ध्रुव आपल्याकडे असेल तर वेगवान तारासुद्धा संथ भासतो. पण तेवढ्याने कोडं सुटत नाही, कारण वेगवान असून नायट्रोजन कमी असलेले तारे उरतातच. म्हणून चुंबकीय क्षेत्र आणि जोडीदार तारा यांचाही विचार होतो.

हे का महत्त्वाचं? घुसळणीमुळे गाभ्याला नवा हायड्रोजन मिळतो, ताऱ्याचं आयुष्य वाढतं, शेवटही बदलू शकतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः अशाच जड ताऱ्यांत तयार झाला आहे.

वर्गात करून पाहा : भोवऱ्याच्या कडेला खडूची खूण करून तो हळू फिरवा. बाजूने पाहिलं तर खूण जवळ येते, दूर जाते. बरोबर वरून पाहिलं तर तिचं अंतर बदलतच नाही. मग मुलांना विचारा : वरून पाहणाऱ्याला भोवऱ्याचा वेग रेषेच्या रुंदीवरून कळेल का? पालकांनो, हा प्रयोग घरीही सहज होतो.