शेवटच्या आकड्याचा मान राख

बाळा, प्रकाशनाच्या कामाला लागलीस, फार बरं वाटलं. मजकुराची मुद्रितं तू डोळ्यांत तेल घालून वाचशीलच. पण मलपृष्ठावरच्या आयएसबीएनच्या तेरा आकड्यांकडे सहसा कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. एकदा सगळी मलपृष्ठं छापून आल्यावर त्यातले दोन आकडे उलटसुलट दिसले, आणि रात्रभर प्रत्येक प्रतीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवत बसले. म्हणून हे कानात ठेव.

१. नंबर तुकड्यातुकड्यांनी वाच — आधी ९७८ किंवा ९७९, मग देश वा भाषा, मग प्रकाशक, मग पुस्तक, आणि शेवटी ताळ्याचा एकच आकडा. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ दिसलं की पुस्तक आपल्या भारतातलं.

२. नंबर हाती आला की ताळा स्वतः करून बघ — पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे, सम जागांचे तिप्पट; बेरजेच्या शेवटी शून्य यायला हवं.

३. ९७८-०-३०६-४०६१५-७ हा नंबर कागदावर मांड — विषम जागांचे ३४, सम जागांचे २२ आणि त्यांची तिप्पट ६६, मिळून १००. हाताने केलेला हिशेब हातातच राहतो.

४. ताळा जमला म्हणून निर्धास्त होऊ नकोस — याच नंबरात ६१ चं १६ झालं तर बेरीज ९० येते आणि चूक बिनबोभाट निसटते. शेजारच्या आकड्यांत पाचाचा फरक असला की अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही.

५. २००७ च्या आधीचे दहा आकडी नंबर वेगळ्या ताळ्याने तपास — १०, ९, ८ असं उतरत गुणायचं आणि बेरजेला ११ ने भाग जायला हवा. शेजारची अदलाबदल यातून सुटत नाही. जुन्या चाळणीची भोकं बारीक.

६. जुन्या नंबराच्या शेवटी एक्स दिसला तर खोडू नकोस — तो रोमन दहा आहे, एका जागेत मावावा म्हणून तसा लिहिलेला.

७. जुन्या नंबराला नुसतं ९७८ जोडून भागवू नकोस — ताळ्याचा आकडा पुन्हा काढावा लागतो. वरच्याच पुस्तकाचा जुना नंबर २ ने संपतो, नवा ७ ने. दार बदललं की कुलूपही बदलावं.

८. पुठ्ठा बांधणी, साधी बांधणी, ई-पुस्तक, प्रत्येकाला वेगळा नंबर घे — नाहीतर दुकानदार एक मागवतो आणि हाती दुसरंच येतं. काही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला मात्र जुनाच चालतो.

९. एका पुस्तकाचा नंबर दुसऱ्याला कधीच लावू नकोस — आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते, मग काटकसर कशाला?

१०. नंबर टंकू नकोस, मूळ पत्रातून उचलून चिकटव. मग एकाने वाचावा, दुसऱ्याने बघावा — ताळा बोटांची चूक पकडतो, मनाची नाही. भलत्याच पुस्तकाचा नंबर पडला तरी ताळा जमतोच.

११. मुखपृष्ठाच्या शेवटच्या प्रुफावर बारकोड फोनने वाचून बघ — बारकोडचा, त्याच्याजवळ छापलेला आणि आतल्या पानावरचा, तिन्ही नंबर एकच हवेत.

वाचक पुस्तक नावाने मागतो, पण दुकानात आणि ग्रंथालयात ते या नंबरावरून सापडतं. लेखकाची वर्षांची मेहनत एका आकड्यासाठी हरवू देऊ नकोस. छपाईला सोडण्याआधी पाच मिनिटं दे, बाळा.