चुनखडीतल्या विहिरीचे पाणी शेताला कसे तपासावे?

विहिरीच्या कर्जप्रकरणात पाणी किती खोलीवर लागले, मोटार किती अश्वशक्तीची, हे सारे लिहिलेले असते. ते पाणी कसे आहे, ही नोंद मात्र बँकेतल्या माझ्या टेबलावर क्वचितच येते. गावात पाणी जिभेवर घेऊन गोडे की मचूळ ते ठरवतात. पण सोडियम किती आणि कॅल्शियम किती हे जीभ सांगत नाही, आणि जमीन चोपण होणार की नाही हे त्यावरच अवलंबून असते.

आपल्या विदर्भात वणी, मुकुटबन, कोरपना, राजुरा या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे. तिथले सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे राहिले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते व भेगांतून उतरताना चुनखडी विरघळवते. भेगा रुंदावतात, पुढे पोकळ्या होतात. अशा भूरचनेला कार्स्ट म्हणतात. आंध्र प्रदेशातील बेलमच्या गुहा अशाच घडल्या.

नमुना घेताना मोटार थोडा वेळ चालू ठेवावी. स्वच्छ प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरावी; आत हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, चुना तळाशी बसतो आणि अहवाल फसवा येतो.

आता अहवाल वाचू. समजा, एका लिटरमध्ये कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६ आणि बायकार्बोनेट ३०५ मिलिग्रॅम आहे. त्यांना अनुक्रमे २०, १२, २३ व ६१ ने भागले की ४, २, २ आणि ५ मिलीइक्विव्हॅलंट मिळतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेचे निम्मे ३. त्याचे वर्गमूळ १.७३. सोडियमच्या २ ला त्याने भागा. उत्तर १.१५. हेच सोडियम अधिशोषण गुणोत्तर. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली दिलेल्या वर्गवारीत १० च्या आतले पाणी सोडियमच्या दृष्टीने निर्धोक धरतात.

पण इथेच थांबू नये. या पाण्याची विद्युत वाहकता ८०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास निघेल, आणि त्याच वर्गवारीत ७५० च्या वरचे पाणी जास्त क्षाराचे ठरते. निचरा नसलेल्या काळ्या रानात ते वर्षानुवर्षे दिले तर क्षार साठतात. तिसरा हिशेब बायकार्बोनेटचा. ५ मधून ६ वजा केले, उणे १ आले, म्हणजे ठीक. हा आकडा २.५ च्या वर गेला, तर कॅल्शियम मातीत चुना होऊन बसतो आणि सोडियम मोकळा उरतो.

कार्स्टमध्ये एकाच तपासणीवर विसंबणे मला पटत नाही. रुंद भेगांतून पाणी जवळजवळ न गाळता धावते. पावसाळ्यानंतरचा आणि मे महिन्यातला नमुना वेगळा निघू शकतो. दोन्ही तपासावेत. ठिबक बसवायचे असेल तर तोट्यांत चुना धरतो, तेव्हा आम्लप्रक्रियेचा खर्च आधीच धरावा. त्याच विहिरीचे पाणी घरात पीत असाल, तर नायट्रेट आणि जंतूंची तपासणी वेगळी करावी लागते.