दोघंच फिरायला जाताना

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं बालीला गेलो. लग्नाचा वाढदिवस खरा डिसेंबरातला. पण मोठीला दिवाळीची सुट्टी होती आणि नाशिकहून आई-बाबा पुण्याला आमच्याकडे येऊन राहू शकत होते, म्हणून सहल अलीकडे ओढली. मोठी सात वर्षांची, धाकटा अडीच. परतीचं विमान १३ तारखेचं होतं. ते उडालंच नाही.

बालीच्या पूर्वेला फ्लोरेस नावाचं बेट आहे. तिथल्या लेवोतोबी लाकी-लाकी या ज्वालामुखीचा ३ नोव्हेंबरच्या रात्री मोठा उद्रेक झाला, त्यात माणसंही गेली. नंतरही तो धुमसत राहिला आणि राख बालीच्या आकाशापर्यंत आली. १२ आणि १३ तारखेला बालीतल्या देनपसारच्या विमानतळावरची भारताची, ऑस्ट्रेलियाची कितीतरी उड्डाणं रद्द झाली. ही राख वैमानिकाला रडारवर दिसत नाही आणि इंजिनाच्या उष्णतेत वितळून आतल्या पात्यांवर चिकटते. अशा वेळी विमान न उडवणं हेच शहाणपण, त्याबद्दल माझी कुणावरही तक्रार नाही.

आमची तिथे आबाळ झाली नाही. पैसे गेले, ते गेले. आबाळ होण्याची वेळ आली ती घरी.

त्याच रात्री धाकट्याला ताप चढला. बाबांचा फोन आला तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते, आमच्याकडे दीड. औषधांच्या कपाटात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या होत्या, तिन्हींवर मुलाचं चित्र. बाबा व्हिडिओ कॉलवर एकेक बाटली कॅमेऱ्याला लावत होते आणि अक्षरं फुटत होती. एक सिरप ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमचं, दुसरं २५० चं. तिसरी बाटली थेंबांची, त्यात १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या सिरपच्या चौपटीहून कडक. ‘अर्धा चमचा देऊ का?’ या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर बाटलीगणिक वेगळं होतं. शेवटी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी लेबल वाचलं, लसीकरणाच्या वहीतून वजन शोधलं आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितलं तेवढंच औषध दिलं.

पहाटे ताप आणखी वाढला. बाबांनी त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी लगेच तपासलं. पण खिडकीवर प्रश्न सुरू झाले: तुम्ही कोण, आई-वडील कुठे आहेत, विम्याचं कार्ड आहे का, अनामत रक्कम कोण भरणार? कार्ड माझ्या फोनमध्ये होतं. पैसे पाठवायचे तर ओटीपी यांच्या भारतीय नंबरावर यायचा, आणि नशिबाने यांनी रोमिंग चालू ठेवलं होतं. विषाणूचा ताप निघाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ घरी आलं. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं या सगळ्यात रात्रभर जागी होती, ते मला अजून विसरता येत नाही.

म्हणून ज्यांची मुलं लहान आहेत आणि जे दोघंच कुठे जायचं ठरवताहेत, त्यांना कळकळीने सांगते. जा, जरूर जा. नवरा-बायकोला एकमेकांशी धड पूर्ण वाक्य बोलता येईल असे चार दिवस मिळायलाच हवेत. पण तयारी सहलीपेक्षा घराची जास्त करा, आणि तीही परतीच्या तारखेनंतरच्या दिवसांची. कामाच्या मावशींची रजा, दूध, आजी-आजोबांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं तीन-चार दिवस पुढचं धरून लावा. मुलं आपल्याच घरी राहू द्या. आजी-आजोबा तिथे आले तर डॉक्टर तेच राहतात, शेजारही ओळखीचा असतो. त्या रात्री आम्हाला त्यानेच तारलं.

कपाटात तापाचं एकच सिरप ठेवा, बाकीच्या बाटल्या काढून टाका. मुलाचं आजचं वजन आणि डॉक्टरांकडून त्या वजनाला विचारून घेतलेली मात्रा मिलीमध्ये, मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा. चमचा म्हणू नका, मापाचं झाकण दाखवून ठेवा. विम्याच्या कार्डाची छापील प्रत, मुलांची आधार कार्डं, आणि ‘आमच्या गैरहजेरीत उपचारांचा निर्णय यांनी घ्यावा’ असं दोघांच्या सहीचं पत्र एका पिशवीत घालून आजोबांच्या हातात द्या. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढा. संकटाची बातमी आल्यावर काढलेला विमा सहसा त्या संकटाला लागू होत नाही. बालीलाच जाणार असाल तर मार्चच्या सुमाराला येणारा तिथला न्येपीचा सण बघून घ्या, त्या दिवशी तिथला विमानतळ चोवीस तास बंद असतो.

मुलांना नेमकी तारीख सांगायची की नाही, यावर माझं मत आता पक्कं झालंय. मोठीने चौकटी आखून रोज एक चांदणी रंगवायचं ठरवलं होतं. चौकटी संपल्या आणि आई आली नाही, तेव्हा ती रडली नाही, पण जेवलीही नाही. माझ्या आईने पेन्सिलने आणखी चौकटी काढून दिल्या आणि तिला तुळशीच्या लग्नाच्या तयारीला बसवलं. लहान मुलाला ‘तुळशीचं लग्न झालं की येऊ’ असं सैलसर सांगावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला घरात कुणी धजत नाही. आई-वडील दोघं एकाच विमानात बसतात. दोघांचंही काही बरंवाईट झालं तर मुलं कुणाकडे राहतील, हे लिहून ठेवलेलं असावं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे आई-वडिलांना मृत्युपत्रातून पालक नेमता येतो. ज्याला नेमायचं त्याला आधी विचारा. सत्तरीच्या आजी-आजोबांपेक्षा मावशी किंवा काकाचा विचार करा. आम्ही परत आल्यावर माझ्या बहिणीशी बोललो, ती क्षणात हो म्हणाली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. तिकिटं काढायच्या आधी एवढं काम उरकून घ्या.