कणगीचा तळ बघ

सांगली

चि. समीर यास,


तू पाठवलेला रिपोर्ट दोनदा वाचला. हिमोग्लोबिन १७.४, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५३ टक्के आणि फेरिटिन फक्त ११. खाली तू विचारलंस, "मामा, रक्त एवढं भरपूर आहे, मग जिना चढताना दम का लागतो? लॅबची चूक तर नाही?" रक्तपेढीत माझी ३० वर्षं गेली. चूक दिसत नाही, बाळा. हे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

आजोळची कणगी तुला आठवत असेल. रोज दुप्पट जोंधळा दळला की टोपल्यात भाकऱ्यांची चवड दिसते, पण कणगीचा तळ लवकर उघडा पडतो. हिमोग्लोबिन म्हणजे टोपल्यातली भाकरी आणि फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, कणगीत उरलेला जोंधळा. तू आजवर टोपलंच मोजत आलास.

दळण का वाढलं, तेही समजून घे. आपलं यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. साठ्यातलं लोह किती बाहेर सोडायचं, आतड्यातून किती आत घ्यायचं, हे ते ठरवतं. टेस्टोस्टेरॉनमुळे हेप्सिडिन कमी होतं, साठ्याचं झाकण सैल होतं आणि ते लोह अस्थिमज्जेत जाऊन तांबड्या पेशी बनवण्यात खर्ची पडतं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर तुला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. मधुमेह्याने इन्सुलिन घ्यावं तसंच ते आहे, त्यात संकोच कसला? पण त्याचा हिशेब ठेवायला हवा.

खरी गळती पुढे झाली. रक्त दाट झालं म्हणून तू गेल्या वर्षात चार वेळा रक्त दिलंस. ४५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. चार पिशव्यांचा हिशेब कर. धडधाकट पुरुषाचा साठाच मुळी १,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि जेवणातून एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं. तू काढलंस पायलीनं, भरत होतास चिमटीनं. लोह फक्त रक्तात नसतं, स्नायूंनाही लागतं. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असूनही थकवा येतो, केस गळतात, रात्री पाय अस्वस्थ होतात. तुझ्या रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ७४ आहे. पेशी संख्येनं पुष्कळ, पण आकारानं लहान. लोह कमी पडल्याची खूण तिथेही आहे.

आता माझं ऐक. औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून स्वतःच सुरू करू नकोस. जोंधळा मिळाला की जातं पुन्हा जोरात फिरेल आणि हिमॅटोक्रिट चढेल. ते ५४ टक्क्यांवर गेलं तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉन थांबवतात आणि पातळी उतरल्यावर कमी मात्रेनं पुन्हा देतात. इंजेक्शनही मनानं बंद करू नकोस. तुझ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना सरळ विचार: मात्रा कमी करता येईल का? इंजेक्शनाऐवजी जेल चालेल का? जेलनं हिमॅटोक्रिट सहसा कमी वाढतं. आधी दळण आवरायचं, मग त्यांच्या देखरेखीखाली कणगी भरायची. तोवर रक्त काढायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवू दे. रक्तपेढीत जाशील तेव्हा अर्जावर या इंजेक्शनाची नोंद कर, लपवू नकोस.

तुझ्या घोरण्याबद्दलही डॉक्टरांना सांग. झोपेत श्वास अडत असेल तर त्यानेही रक्त दाट होतं. सिगारेटनेही होतं, म्हणून ती आता सोडच. पाठदुखीसाठी तू वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेतोस. त्या गोळ्यांमुळे जठरातून नकळत रक्त जाऊ शकतं. मूळव्याधीचंही तसंच. पुरुषाचं लोह घटलं की पोटात कुठे गळती आहे का, हे पाहायलाच हवं. सगळं खापर इंजेक्शनावर फोडून मोकळं होऊ नये.

जेवणात हळीव, मटकी, पालेभाजी असू दे, वर लिंबू पिळ. जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, तासाभरानं घे. ताप किंवा सर्दी असताना फेरिटिन तपासू नकोस, तेव्हा ते फसवं वाढलेलं दिसतं.

लोहाची कमतरता म्हणजे बायकांचा आजार, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की पुरुषाचं फेरिटिन कुणी सहसा तपासतच नाही. तू थकवा अंगावर काढलास, तोही त्यापायीच. यापुढे दर वेळी हिमॅटोक्रिटबरोबर फेरिटिनही करून घे, आणि दोन्ही आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिही. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि ती वही घेऊन जा.

तुझा,
मामा