भयपटाची नावं : रक्ताचे थेंब हवेतच का?

प्रश्न : आम्ही मित्रांनी दहा मिनिटांचा भयपट केलाय. सुरुवातीच्या नावांसाठी रक्त ठिबकणारी अक्षरं मराठीत मिळत नाहीत, शिवाय जोडाक्षरं फुटतात. काय करावं?
– एक विद्यार्थी, डिंगोरे (ता. जुन्नर)

उत्तर : मिळाली नाहीत ते बरंच झालं! भीती अक्षरांच्या आकारापेक्षा त्यांच्या हालचालीत आणि आवाजात असते. १९६०च्या ‘सायको’ या चित्रपटासाठी डिझायनर सॉल बास यांनी केलेल्या नावांत रक्ताचा थेंबही नाही, फक्त सरकत्या पट्ट्या आणि तुटून जुळणारी अक्षरं. तुमच्याकडे तर शिरोरेषा आहे. आधी ती एकटीच पडद्यावर उमटू द्या, मग अक्षरं सावकाश खाली उतरू द्या. अर्धं मिनिट पुरे.

जोडाक्षरं बहुधा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमुळे फुटतात. सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा पर्याय असेल तर निवडा. नाहीतर बोरूनं कागदावर लिहा आणि फोटो घ्या. मला हाच मार्ग जास्त आवडतो. आवाजाचं म्हणाल तर, नेटवरचं संगीत परवानगीशिवाय वापरू नका.

नावांमागे उसाचं शेत हवं असेल, तर चित्रण दिवसाच करा आणि दृश्य नंतर गडद करा. जुन्नर भागात बिबट्याचा धोका खरा आहे, रात्री शेतात जाऊ नका.